परमिट मी खिशात घातलं

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. आतापर्यंत हेडमास्तर झाले, पोस्टातले एक झाले, एस.टी.तले कंडक्टर झाले. यंदा संपादक माझ्याकडे आले आणि जरा चाचरतच म्हणाले, काका, तुम्हीही लिहा की. ते का चाचरले ते मला ठाऊक आहे. मी अठ्ठावीस वर्षं दारूच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो. लोक 'वाईन शॉप' म्हणतात, ऐकायला जरा बरं वाटतं म्हणून. वाईन आमच्याकडे त्या काळी वर्षातून दोनदा कुणी मागत असेल.

पुढे कुणी विचारायला नको म्हणून आधीच सांगतो, मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. आम्ही बौद्ध. रविवारी सकाळी विहारात पंचशील म्हणायचं, त्यातलं पाचवं शील मद्य घेणार नाही असं. ते आलं की आजूबाजूच्या दोन-चार माना हटकून माझ्याकडे वळायच्या. मी ते मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणायचो. घेणार नाही असं म्हटलंय, विकणार नाही असं कुठं म्हटलंय, हा माझा युक्तिवाद. तो माझ्या आईला शेवटपर्यंत पटला नाही.

नोकरी लागली तीही या न पिण्यामुळेच. मॅट्रिक होऊन दोन वर्षं चपला झिजवल्या, कुठं काही जमेना. नाशकात शालिमारच्या अंगाला एका सिंधी शेठनं नवीन दुकान काढलं होतं. त्याला लिहिता-वाचता येणारा आणि न पिणारा माणूस हवा होता. पहिल्या अटीत बसणारे पुष्कळ आले होते म्हणे. दुसरीत मी एकटाच बसलो.

संपादकांना मी लगेच हो म्हणालो, कारण मला मिलिंदबद्दल लिहायचं होतं. मिलिंद माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा एकुलता एक. त्याला दारूपासून लांब ठेवायची जबाबदारी आक्कानं माझ्यावर टाकली होती. ती मी कशी पार पाडली, ते सांगण्याआधी धंद्याचं थोडं सांगावं लागेल.

आपल्या राज्यात कायद्यानं दारूबंदी आहे. हसू नका, खरंच आहे. मुळात कुणीच प्यायची नाही, पण परमिट असलं तर चालतं. फार पूर्वी हे परमिट प्रकृतीच्या कारणासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायचं. त्या काळची गिऱ्हाइकं दारूला दारू म्हणायचीच नाहीत. एक निवृत्त मामलेदार यायचे, टोपी, उपरणं, हातात देवळात न्यावी तशी कापडी पिशवी. काउंटरशी आले की खाकरून म्हणायचे, "औषध द्या." एकदा मी गमतीनं विचारलं, जेवणाआधी की जेवणानंतर? पुढचे दोन महिने ते आमच्याकडे आले नाहीत.

पुढे बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला नियम सैल झाले आणि वयात बसणाऱ्या कुणालाही परमिट मिळायला लागलं. बिअरला एकवीस वर्षं पुरी, कडक मालाला पंचवीस. परमिट म्हणजे एक लहानसं पुस्तक. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, सही. गिऱ्हाइकानं ते काउंटरवर ठेवायचं, मी तारीख बघायची, मग बाटली. सगळीकडे इतकं काटेकोर चालत होतं असं नाही. पण माझ्या काउंटरवर चालायचं, आणि त्याचा मला ताठा होता.

खरं म्हणजे मी पुस्तकाआधी माणूस बघायचो. सरावाचं गिऱ्हाईक आलं की आधी पिशवी पुढे करतं. नवखा पोरगा आधी मागं वळून बघतो. ब्रँडचं नाव पाठ करून आलेला असतो, ते एका दमात म्हणून टाकतो, आणि मी "केवढी?" विचारलं की अडकतो. क्वार्टर, हाफ, फुल हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. एक कॉलेजातला दिवटा आपल्या वडिलांचं परमिट घेऊन आला. त्यावरचं वय बावन्न. मी म्हटलं, काका, तब्येत छान राखलीय तुम्ही, जन्मसाल सांगा बघू. तो तिथंच बोटं मोजून वजाबाकी करायला लागला. दुकानातली माणसं पोट धरून हसली.

उलटही व्हायचं. पिंपळगावकडचा एक म्हातारा बागाईतदार आला, डोक्याला मुंडासं, मिशा पांढऱ्याफेक. परमिट मागितलं तर भडकला. "माझं वय इचारतो व्हय? नातवाचं लगीन काढलंय या साली. प्लेगात आजी गेली तव्हा मी रांगत व्हतो. हाय का तुझ्या कागदात प्लेग?" त्याला मी एक बाटली दिली नाही. जाताना त्यानं मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

या धंद्यात मला एक गंमत कळली. परमिट उघडलं की निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शेठना याचं फार नवल. एकदा त्यांनी मला विचारलंच, की दिनकर, तुमच्या गावांमधे सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात काय? मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे जन्मतारखा घरात कुणी लिहून ठेवत नसे. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला तर सहा वर्षं पुरी. मग शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून आणि मागं मोजून साल. हाच दाखला पुढे नोकरीला, लग्नाला, रेशनला, आणि परमिटालाही. शेठ म्हणाले, म्हणजे तू रोज जे तपासतो ते मास्तरचं अंदाज आहे. मी म्हटलं, कागद म्हणजे कागद.

मिलिंदला शाळेत मीच घातलं. दाजी म्हणजे आक्काचे यजमान दारूत गेले तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता. आक्का विड्या वळायची आणि त्यावर भागेना म्हणून सकाळी दोन घरची धुणीभांडी करायची. पोराला ठेवायचं कुठं? चौथं सरलं तसा मी त्याला आंघोळ घालून, तेल लावून शाळेत नेलं. गुरुजींनी हात डोक्यावरून न्यायला सांगितला. कान चांगला चार बोटं लांब राहिला. मी त्याच्या मागं उभा होतो. लाडानं डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि त्याचं डोकं हळूच खांद्याकडे कलतं केलं. कान हाताला लागला. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि लिहिलं: एक जून, साल दोन वर्षं आधीचं.

त्या दोन वर्षांनी आमचं भलंच केलं. तो लवकर शिकला, लवकर मॅट्रिक झाला, आणि सोळाव्या वर्षी कागदावर अठरा पुरी होऊन सातपूरच्या एका कारखान्यात चिकटला. आक्कानं पहिल्यांदा विड्यांचं सूप दोन दिवस कोपऱ्यात उभं करून ठेवलं. मामानं डोकं वाकवलं म्हणून पोरगं ताठ उभं राहिलं, असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

कारखान्यात लागला त्याच आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, आता याच्या हातात पगार येणार, दोस्त येणार. मग म्हणाली, "दिनू, तू सगळ्या नाशकाला विक. माझ्या पोराला तेवढी देऊ नको." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. दाजींचे शेवटचे दिवस दोघांनीही पाहिले होते, जास्त बोलायची गरज नव्हती.

तीन वर्षं काही झालं नाही. मिलिंद सरळ पोरगा. मग एक्याऐंशी साली, पावसाळा सरून गेल्यावर, एका रविवारी दुपारी तो दुकानात आला. सोबत कारखान्यातला रंगनाथ म्हणून घोटीकडचा एक मित्र. मिलिंदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. काउंटरशी येऊन त्यानं नवंकोरं परमिट माझ्यापुढं ठेवलं, उघडून, माझ्याकडे तोंड करून, आणि म्हणाला, "मामा, एक बिअर."

मी तारीख बघितली. एक जून. एकवीस वर्षं पुरी. सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी मान वर न करता बाटली पुढे सरकवली असती. पण हे वय मी स्वतःच्या हातानं बनवलेलं होतं. समोर उभं होतं ते पोरगं एकोणीसचं होतं आणि मी आक्काला शब्द दिला होता.

नाही म्हणायला हवंच होतं, हे मी आजही म्हणतो. पण म्हणण्याची एक रीत असते. बाजूला घेता आलं असतं, खांद्यावर हात ठेवता आला असता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि मला माझ्या काटेकोरपणाचा तोरा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की हे एकवीस-बिकवीस काही नाही, याचा कान मीच लावून दिलाय हाताला, अजून एकोणीसचाच आहे. माणसं हसली. पैसे देऊन झालेला एक जण म्हणाला, बाळाला गोटी सोडा द्या. मिलिंद लालबुंद झाला. "मामा, कागद बघ की," एवढंच म्हणाला, हळू आवाजात. मी परमिट मिटलं आणि सरळ माझ्या शर्टाच्या खिशात घातलं.

शेठ गल्ल्यावर होते. ते म्हणाले, दिनकर, ते सरकारनं दिलेलं आहे, तू ठेवून घेणारा कोण? त्यांचं बरोबर होतं. नको तर विकू नये, पण दुसऱ्याचं परमिट ठेवून घ्यायचा हक्क काउंटरवरच्या माणसाला नाही. मी शेठना म्हणालो, मी त्याचा मामा आहे. खिशात घालण्यामागं हिशोब असा, की परमिट नसलं म्हणजे दुसऱ्या दुकानातही कुणी त्याला देणार नाही. बारा वर्षांच्या नोकरीत इतकं पक्कं काम मी कधी केलं नव्हतं, असं मला वाटलं.

मिलिंद वळला. रंगनाथनं त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि दुकानाच्या पायरीवर तो त्याला जे म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं. "जाऊ दे रं. चल, मावशीकडं जाऊ. मावशी कुणाला नाय म्हणत नाय."

ते ऐकून मला हायसं वाटलं. माझी धाकटी बहीण शांता, मिलिंदची मावशी, देवळाली गावात राहते. रविवार होता, तिच्याकडे मटण असणार. दारात आलेल्याला ती जेवल्याशिवाय सोडत नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरगं रुसलंय, मावशीकडं जाऊन जेवेल आणि झोपेल. पुढच्या गिऱ्हाइकाचं परमिट मी हातात घेतलं.

मावशी म्हणजे काय हे अख्ख्या नाशकाला माहीत होतं. ओढ्याच्या काठानं झोपड्यांत हातभट्टीची विकणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांना पिणारे मावशी म्हणायचे. तिथं परमिट नाही, वय नाही, नाव नाही. माझ्या काउंटरवर उभ्या असलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं. बाटल्यांवरची सगळी लेबलं मला पाठ होती, पण मी पीत नव्हतो, पिणाऱ्यांत बसत नव्हतो, आणि तशा वस्तीकडे नाक वर करून चालत होतो. म्हणून तो एक शब्द माझ्या कानावर कधी पडलाच नाही.

त्या दिवशीच्या मालात काय होतं ते नक्की कधीच कळलं नाही. कुणी म्हणालं, लाकडाला पॉलिश करतात त्यातलं स्पिरिट. रंगनाथनं अर्धा ग्लास घेतला, त्याला चव लागेना, त्यानं ओतून दिला. मिलिंद रागात होता. त्यानं तीन घेतले.

सोमवारी दुपारी आक्काच्या शेजारचा माणूस दुकानात आला. मिलिंद सकाळपासून ओकतोय, पोट धरून बसलाय, आणि खोलीत धूर झालाय असं म्हणतोय. मी पळत गेलो. घराचं दार सताड उघडं, दुपारचं ऊन आत आलेलं, आणि आक्का त्याच्यापुढं हातपंखा धरून उभी. तो तिला म्हणत होता, आई, चूल विझव ना. चूल सकाळपासून पेटलेलीच नव्हती. 

दवाखान्यात पंधरा दिवस होता. जीव वाचला. डॉक्टर आम्हाला व्हरांड्यात घेऊन म्हणाले, डोळे वरून चांगले आहेत, पण आतली नस गेली, ती परत येत नाही. आक्काला काही समजलं नाही. डोळे चांगले आहेत एवढंच तिनं ऐकलं आणि डॉक्टरांच्या पाया पडायला लागली. तिला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते मी कसं केलं ते मला लिहिता येणार नाही.

मिलिंदजवळ मी रोज बसायचो. बोलायचं धाडस होत नव्हतं. एका दुपारी मीच म्हणालो, त्या दिवशी तुला एक बिअर दिली असती तर… तो पडल्या पडल्या म्हणाला, "मला बिअर आवडत पण नाही, मामा. एकदा रंगाकडची चाखली होती, कडू लागली. तुला परमिट दाखवायचं होतं. सगळ्यांना तूच बघून देतोस ना." मी उठून बाहेर आलो आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

मिलिंद पुढे अंध कामगारांच्या एका केंद्रात खुर्च्या विणायला शिकला. हात चांगला आहे. आमच्या वाचनालयातल्या खुर्च्या त्यानंच विणल्यात, वाचकांनी बसताना बघावं. लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणी निघाली, ती निघाली तशी मोडली.

नोकरी मी सोडली नाही. सोडून खायचं काय, आणि आता खाणारी तोंडं दोन घरची होती. परमिट तपासणं तसंच चालू ठेवलं, पण चारचौघांत कुणाला हसणं मी बंद केलं. वयात न बसणारा कुणी आला की हळूच बाजूला घ्यायचो, मिळणार नाही म्हणायचो, आणि विचारायचो, आता इथून कुठं जाणार? शेठ वैतागायचे. काही पोरं मलाच उलट दरडावायची. एकाला मित्रानं पायरीवरून "चल, मावशीकडं" म्हणून हाक मारली, तर मी काउंटर तसाच टाकून त्याच्यामागं पार भद्रकालीपर्यंत गेलो. तो सरळ एका वाड्यात शिरला आणि एक नऊवारीतली बाई दारात येऊन त्याला उशीर झाला म्हणून रागावली. मला बघून म्हणाली, कोण हवंय? मी काय सांगणार, पत्ता चुकलो म्हणालो.

राहिली आक्का. तिनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. मी दर रविवारी जायचो. ती चहा ठेवायची, कपबशी पुढे सरकवायची आणि विड्या वळत बसायची. पूर्वी दिनू, दिनू करून तोंड दुखेपर्यंत बोलणारी माझी बहीण. तिनं एकदा तरी मला शिव्या घालाव्यात, अंगावर धावून यावं, तेवढं झालं असतं तर मला झोप लागली असती. वर्षभर वाट बघितली. मग एका रविवारी मिलिंद बाहेर ओट्यावर बसलेला बघून मी तिला म्हणालो, आक्का, काय आहे ते एकदाचं बोलून टाक. माझ्यामुळं झालं म्हण.

तिनं हातातली विडी सुपात ठेवली. रडली नाही.

"काय बोलू, दिनू? तू दिली असतीस तर बोलले असते. तुझं तोंड बघितलं नसतं जन्मभर. पण देऊ नको म्हणून मीच सांगितलं होतं ना रे. तू माझं ऐकलंस." मग म्हणाली, "आता मी कुणाला बोलू?"

 चहा निवत चालला होता. बाहेरून मिलिंदनं विचारलं, आई, मामा गेला का? ती म्हणाली, नाही, बसलाय.